आडवी रेघ, उभी रेघ

गेल्या श्रावणात वेल्ह्याकडचा एक पोरगा पोत्यात गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर घेऊन, चेलाडी फाट्यावर गाडी बदलून, भिजत भिजत भोरला माझ्या दुकानात आला. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. मॉनिटर बारा इंची, एकरंगी, हिरव्या अक्षरांचा. त्याच्या वडिलांनी कधीकाळी एका पतसंस्थेच्या जुन्या सामानातून घेतलेला आणि मग वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला. पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरची अक्षरं त्याला या हिरव्या पडद्यावर बघायची होती.

"काका, चालू केला की मधोमध नुसती एक रेघ येते. ट्यूब गेली म्हणतायत सगळे. टाकून देऊ का?"

"आडवी का उभी?"

"आडवी."

"मग ट्यूब ठणठणीत आहे. ठेव टेबलावर."

ट्यूब न बघता मी असं कसं सांगितलं, ते समजावण्यासाठी हा लेख. असे मॉनिटर अजून बऱ्याच माळ्यांवर, शाळांच्या अडगळीत पडून आहेत. त्यातले कितीतरी दहा-वीस रुपयांच्या एका पार्टपायी भंगारात जातात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. चित्र वाकडं येवो, अर्धं येवो, थरथरो. ते नीट बघितलं तर बिघाड कुठल्या भागात आहे हे बहुतेक वेळा पेटी न उघडताच कळतं.

ट्यूबच्या मानेत एक बारीक तार तापते. तिच्या उष्णतेनं कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांची धार समोरच्या काचेला आतून लावलेल्या फॉस्फरवर आदळते. आदळते तिथे ठिपका उजळतो. हा ठिपका एकच असतो. तो पडदाभर इतक्या वेगानं फिरतो की आपल्याला अख्खं चित्र दिसतं. त्याला फिरवतो तो मानेवर बसवलेला योक, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी. योकमध्ये दोन जोड्या असतात. एक जोडी ठिपक्याला डावीकडून उजवीकडे पळवते, सेकंदाला १५,६२५ वेळा. दुसरी त्याला वरून खाली उतरवते, सेकंदाला ५० वेळा. वहीत लिहिताना ओळ संपली की पेन उचलून हात पुन्हा डावीकडे नेतो, तसा हा ठिपकाही विझलेल्या अवस्थेत परत येतो आणि पुढची ओळ धरतो.

ट्यूबला दहा-बारा हजार व्होल्ट लागतात. ते वेगळ्या यंत्रणेतून येत नाहीत, आडव्या धावेतूनच निघतात. ओळ संपताना योकमधला प्रवाह झटक्यात तोडला जातो, त्या झटक्याचा मोठा दणका बसतो, आणि तो एका ट्रान्सफॉर्मरमधून वाढवून ट्यूबला दिला जातो. आमच्या धंद्यात त्या ट्रान्सफॉर्मरलाच ईएचटी म्हणतात.

आता पोराची आडवी रेघ बघा. उजेड आहे, म्हणजे तार तापतेय आणि कॅथोडमध्ये जीव आहे. उजेड आहे म्हणजे ईएचटीही चालू आहे. ईएचटी चालू म्हणजे आडवी धाव चालू, आणि ती चालू म्हणजे पॉवर सप्लाय देतोय. बंद पडलंय ते फक्त वरून खाली उतरणं. एवढ्या एका रेघेनं अर्ध्याहून जास्त सर्किट निर्दोष ठरतं. उभी रेघ असती तर उलट विचार करावा लागला असता. आडवी धाव मुळातच मेली असती तर तिच्याबरोबर ईएचटीही मेला असता आणि पडदा काळाठिक्कर राहिला असता. म्हणून उभी रेघ दिसली की दोष बहुतेक योकच्या आडव्या वेटोळ्यात किंवा तिथवर जाणाऱ्या वायरीत असतो. ती क्वचितच बघायला मिळते.

रेघ दिसली की आधी ब्राइटनेस उतरवा. पडदाभर पसरायची ऊर्जा तेव्हा एका ओळीवर पडत असते आणि फॉस्फर थोड्या वेळात जळतो. जळलेला फॉस्फर परत येत नाही.

हे सगळं मी कॉम्प्युटरवर शिकलो नाही, टीव्हीवर शिकलो. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या टॉवरवरून ते पुण्याकडे दिसू लागलं. मी ऐंशीच्या दशकात या धंद्यात आलो, तेव्हा आमच्याकडच्या छपरांवरचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असत. वेल्ह्याच्या खोऱ्यांत डोंगर आडवे येत. तिथे मूळ चित्राच्या जरा उजवीकडे त्याचीच फिकट सावली दिसायची, कारण डोंगरावर आपटून आलेला सिग्नल किंचित उशिरा पोचायचा. मॉनिटरला ही कटकट नाही. टीव्हीतून ट्यूनर आणि आवाजाचा भाग काढला की उरतो तो मॉनिटर. त्याला सिग्नल थेट वायरीतून मिळतो. बाकी ट्यूब, योक, ईएचटी सारखंच. आडव्या धावेचा बीयू ४०७ ट्रान्झिस्टर आणि उभ्या धावेची टीडीए ११७० आयसी मी दोन्हींमध्ये कितीदा बदलली असेल. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, त्यांच्याबरोबर एकरंगी पडदेही आले, तेव्हा टीव्हीवाल्या मेकॅनिकला ते परके वाटले नाहीत. आजही तुमच्या बाजारपेठेत ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही दुरुस्त केलेला कोणी जुना माणूस असेल तर मॉनिटर बेलाशक त्याच्याकडे न्या.

पेटी उघडण्याआधी दोष मॉनिटरचा की कॉम्प्युटरचा, ते ठरवावं. मागे गोल आरसीए सॉकेट असेल तर जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी पिन लावून बघा. चित्र चांगलं आलं तर मॉनिटरला हात लावायचं कारण नाही. मागे नऊ पिनांचा कनेक्टर असेल तर मात्र ही युक्ती करू नका. ती जात वेगळी. आयबीएमचा १९८१ चा ५१५१ मॉनिटर सेकंदाला १८,४३२ ओळी मागतो आणि आडव्या धावेची चाल कॉम्प्युटरकडूनच घेतो. सिग्नल नसला की तो पूर्ण काळा राहतो, म्हणून चांगला मॉनिटर मेला समजून फेकला जातो. चुकीचा सिग्नल दिला तर तो खरोखर मरू शकतो.

आपल्या मॉनिटरला आरसीए होतं. पोरानं घरी रास्पबेरी पाय लावला तेव्हा ती रेघही मधूनमधून थरथरत होती, त्याचं कारण तिथेच सापडलं. त्या कॉम्प्युटरवर मुळात एनटीएससी पद्धत लावलेली असते, सेकंदाला ६० चित्रांची. आपल्याकडचा मॉनिटर पालचा, ५० चित्रांचा. सेटिंग बदलून पाल केलं. रंगाचा भागही बंद करायला सांगितला, कारण एकरंगी पडद्यावर रंगाचा सिग्नल अक्षरांच्या कडांना बारीक ठिपक्यांच्या रूपात वळवळत राहतो.

आता उघडणं. इथे मी घाई कोणालाच करू देत नाही. ट्यूबची काच, आतला आणि बाहेरचा काळा थर मिळून एक मोठा कंडेन्सर होतो आणि प्लग काढल्यावरही त्यात हजारो व्होल्ट राहू शकतात. प्लग काढायचा. लांब दांड्याच्या, चांगल्या मुठीच्या चपट्या स्क्रूड्रायव्हरला एक वायर बांधायची आणि तिचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या जाळीच्या तारेला पक्कं अडकवायचं. ते सर्किटच्या अर्थला लावलं तर आयसी उडू शकते. मग एक हात पाठीमागे ठेवून स्क्रूड्रायव्हर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवायचा. टक् असा आवाज येतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच करायचं, कारण काचेत मुरलेला चार्ज हळूहळू परत वर येतो. ट्यूबची मान पातळ काचेची असते, तिला धरून मॉनिटर कधी उचलू नये. ज्यानं हे काम आधी कोणाकडून बघितलेलं नाही, त्यानं पहिल्या वेळी एकट्यानं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उघडल्यावर आधी डोळ्यांनी बघायचं. मानेजवळ काचेच्या आत एक चकचकीत रुपेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर ट्यूबमध्ये हवा शिरली, आणि मग खरोखरच काही उपाय उरत नाही. इथे डाग आरशासारखा होता.

योकच्या चार वायरी बोर्डवर जिथे बसतात तो कनेक्टर मी भिंगाखाली धरला. एका पिनेभोवती केसाएवढी काळी गोल भेग होती. पिन डाखात उभी दिसते, पण तिला धरून ठेवलेलं काहीच नसतं. आम्ही याला ड्राय सोल्डर म्हणतो. वर्षानुवर्षं तापणं-निवणं, त्यात योकच्या जाड वायरींचा ताण, यानं डाख पिनेभोवती सुटत जातो. मी पोराला भिंग दिलं. त्याला दिसेपर्यंत थांबलो. मग जुना डाख पूर्ण शोषून काढून नवा दिला. जुन्यावर नुसती इस्त्री फिरवली तर महिन्याभरात तीच रेघ परत येते.

चालू करताना मॉनिटर सिरीज बोर्डवर लावला, म्हणजे वीज एका ६० वॅटच्या बल्बमधून मॉनिटरला दिली. बल्ब क्षणभर भडकला आणि मंद झाला. तसाच भडक राहिला असता तर आत शॉर्ट आहे असं समजून लगेच बंद केला असता. नंतर बल्ब काढून थेट लावला, कारण बल्बवर मॉनिटरला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि चित्र उगाच आखूड दिसतं.

पडदा उघडला, हिरवी अक्षरं आली. पण खालच्या चार ओळी दाबून बसवल्यासारख्या, चपट्या. पोराचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं, कारण हा दोष मी डोळे मिटून ओळखतो. उभ्या धावेची आयसी आणि योक यांच्यामध्ये एक मोठा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर असतो, इथे १००० मायक्रोफॅरडचा. आतला ओलावा वर्षांनी सुकला की त्याची ताकद घटते. ठिपक्याला वरून निम्म्यापर्यंत उतरवायला ती पुरते, तळापर्यंत न्यायला पुरत नाही. खात्री करायला मॉनिटर बंद करून, डिस्चार्ज करून, त्याच किमतीचा चांगला कंडेन्सर जुन्याला समांतर जोडला, धन बाजूला धन. चालू केल्यावर चारही ओळी सरळ झाल्या. मग जुना काढून नवा बसवला. घेताना १०५ अंश लिहिलेला घ्यावा, ८५ चा या उष्णतेत लवकर सुकतो. भोरला मिळाला नाही तर पुण्याला तपकीर गल्लीत हमखास मिळतो.

यानंतर उंची आणि लिनिअरिटीचे प्रीसेट, म्हणजे बोर्डवरचे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचे छोटे कंट्रोल. हे बारीक काम आहे आणि मला त्यात फार रस आहे. पडद्यावर वर्तुळ आणायचं आणि पट्टीनं आडवं-उभं मोजायचं. वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग सारखा होईपर्यंत दोन्ही प्रीसेट आळीपाळीनं, अगदी थोडे फिरवायचे. चित्र तिरकं असेल तर योकचा पट्टा सैल करून योक किंचित वळवायचा. फोकस तपासायला मी मराठी मजकूर लावतो. शिरोरेषेवरचा अनुस्वार रेषेपासून सुटा दिसला, 'ष'च्या पोटातली रेघ वेगळी दिसली, की फोकस बरोबर. इंग्रजी अक्षरं एवढी कडक परीक्षा घेत नाहीत. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे अशा पडद्यांवरही देवनागरी उमटू लागली होती. तेव्हा त्यांच्यासमोर दिवसभर बसणाऱ्यांचे डोळे या फोकसवरच अवलंबून होते. कोपरे मधल्यापेक्षा किंचित मऊ राहतात, तेवढं चालतं.

पडदा बंद केल्यावर तिरक्या उजेडात काचेमागे जुन्या मेनूच्या चौकटीची तपकिरी सावली दिसत होती, पतसंस्थेत रोज आठ-दहा तास एकाच जागी राहिलेली. ती जात नाही. पोराला तसं सांगितलं.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. चित्र वर किंवा खाली सरकत राहिलं तर व्ही-होल्ड, म्हणजे उभ्या धावेची चाल जुळवायचा कंट्रोल बघा. अक्षरं फाटून तिरके पट्टे झाले तर आडव्या धावेचा एच-होल्ड. हे पट्टे मोजता येतात: एक तिरका पट्टा म्हणजे आडवी धाव ५० हर्ट्झनं चुकलीय, तीन म्हणजे १५० नं. होल्ड फिरवताना पट्टे कमी होत गेले तर दिशा बरोबर आहे. होल्डच्या शेवटच्या टोकाला जाऊन चित्र जेमतेम धरत असेल तर ऑसिलेटरमधला एखादा छोटा कंडेन्सर बदलायला आला. ब्राइटनेस वाढवल्यावर चित्र फुगून धूसर होत असेल तर ईएचटीची बाजू कमजोर आहे. चित्र मंद येऊन दहा-पंधरा मिनिटांनी उजळत असेल तर कॅथोड थकलाय. अशी ट्यूब आणखी बराच काळ चालू शकते. तार जास्त तापवून तिला 'जागवण्या'च्या भानगडीत मी पडत नाही, त्यात ती कायमची जाते.

पडदा पूर्ण काळा असेल तेव्हा कान लावावा. आडवी धाव चालू असली की १५,६२५ हर्ट्झची बारीक शिट्टी येते. ती मला आता ऐकू येत नाही, वयानं तेवढा उंच आवाज जातो. तरुण पोरांना लख्ख येते. शिट्टी येतेय, मानेत नारिंगी उजेड आहे, तरी पडदा काळा, तर दोष ट्यूबच्या सॉकेटकडे किंवा ब्राइटनेसच्या सप्लायमध्ये शोधा. शिट्टीच नसेल तर आधी फ्यूज आणि सप्लायचे व्होल्ट, मग आडव्या धावेचा ट्रान्झिस्टर.

पोरगा मॉनिटर घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "काका, सकाळी एकदम मस्त असतो. संध्याकाळी चित्र चारी बाजूंनी आत येतं आणि कडा सापासारख्या हलतात."

"आत्ता सॉकेटमध्ये मीटर लाव."

१६५ व्होल्ट. सकाळी २२५.

हे आपल्या डोंगरी भागाचं जुनं दुखणं. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या टोकाच्या वाडीत संध्याकाळी मोटारी, दिवे, शेगड्या एकदम चालू होतात आणि शेवटच्या घरात व्होल्टेज कोसळतं. मॉनिटरच्या आत मेनचा ट्रान्सफॉर्मर, डायोड, मोठा कंडेन्सर आणि मग १२ व्होल्टचा रेग्युलेटर असतो. रेग्युलेटरला १२ देण्यासाठी मागून त्याहून दोन-तीन व्होल्ट तरी जास्त लागतात. ते मिळाले नाहीत की तो हात टेकतो, मागची लहर जशीच्या तशी पुढे जाते आणि दोन्ही धावा आखडतात. आपली वीज ५० हर्ट्झची, चार डायोडमधून गेल्यावर लहर १०० ची होते. पडदा सेकंदाला ५० वेळा रंगतो, म्हणून कडेला बरोबर दोन फुगवटे दिसतात. पोराला मोजायला लावले, दोनच होते. एकच असता तर एखादा डायोड तुटला असं म्हटलं असतं. आणि व्होल्टेज चांगलं असूनही सकाळ-संध्याकाळ दोन फुगवटे दिसले असते, तर सप्लायचा मोठा कंडेन्सर सुकलाय. इथे मॉनिटर उघडायची गरजच नव्हती. मी एक स्टॅबिलायझर घ्यायला सांगितला, आणि घेताना तो १४० व्होल्टपासून काम करतो का, ते पाटीवर वाचायला.

दुसरं दुखणं पावसाचं. आमच्याकडे जूनच्या मध्यापासून चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात. माळ्यावरच्या मॉनिटरमधली धूळ ती ओल धरते आणि उच्च दाबाची वीज त्या ओल्या धुळीतून वाट काढते. रबरी टोपीपाशी चुर्र असा आवाज, ओझोनचा उग्र वास, अंधारात निळसर ठिणगी, कधी चित्रात चमकणारे आडवे ओरखडे. असं झालं तर लगेच बंद. वर सांगितल्याप्रमाणे दोनदा डिस्चार्ज करून टोपीची आतली बाजू आणि भोवतालची काच आयसोप्रोपिल स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडी करावी. बाहेरचा काळा थर पुसू नये, तो सर्किटचाच भाग आहे. माळ्यावरून उतरवलेला मॉनिटर पावसाळ्यात थेट चालू करू नये. दोन दिवस कोरड्या खोलीत, मागचं झाकण काढून, साध्या पंख्यासमोर ठेवावा. आणि चांगला चालणारा मॉनिटर पावसाळाभर बंद ठेवू नये. आठवड्यातून दोनदा अर्धा तास लावला की आतल्या उष्णतेनं ओल बसत नाही. पोराच्या आईला आता ते माहीत आहे. तो पुण्याला असतो तेव्हा बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी स्टॅबिलायझरचा काटा बघून त्याच मॉनिटर लावतात.